बँका आणि व्युत्पन्न करार : वापर व हिशोब

माल हाती येण्यापूर्वीच त्याचा भाव ठरवून ठेवण्याची रीत आपल्या देशातील व्यापाऱ्यांना नवी नाही. १८७५ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन’ स्थापन झाली आणि कापसाच्या वायदे-व्यवहारांना संघटित स्वरूप प्राप्त झाले. भाव आज ठरवायचा आणि मालाची व पैशाची देवघेव पुढे करायची, हे या व्यवहारांचे मूळ सूत्र होते. पुढे कापसाच्या जागी डॉलर आला, व्याजाचा दर आला, समभागांचा निर्देशांक आला. परंतु सूत्र तेच राहिले. अशा करारांना ‘व्युत्पन्न करार’ म्हणतात. बाजारात त्यांना ‘डेरिव्हेटिव्ह’ या नावाने ओळखले जाते. अशा कराराचे मूल्य स्वयंभू नसते. ते दुसऱ्या कशाच्या तरी मूल्यातून उत्पन्न होते, म्हणून हे नाव.

लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँकेने असे करार का करावेत, आणि केलेच तर तिच्या हिशोबाच्या वह्यांत ते कसे दिसावेत, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. दुसरा प्रश्न वरवर पाहता केवळ लेखापालांचा वाटेल. तथापि हिशोबातील त्रुटीमुळे एक जुनी आणि प्रतिष्ठित बँक कशी लयास गेली, हे पुढे दिसून येईल.

निर्यातदाराची अडचण

मुरादाबादच्या एखाद्या पितळी भांड्यांच्या निर्यातदाराचे उदाहरण घेऊ. त्याने माल परदेशी रवाना केला आहे आणि तीन महिन्यांनी त्याला एक लाख डॉलर मिळावयाचे आहेत. आज डॉलरचा भाव ८० रुपये आहे आणि मालाचा एकूण खर्च ७६ लाख रुपये आहे, असे मानू. आजच पैसे मिळाले तर त्याला चार लाखांचा नफा होईल. परंतु तीन महिन्यांत डॉलर ७५ रुपयांवर उतरला, तर त्याच्या हाती ७५ लाखच पडतील आणि कारागिरी उत्तम असूनही त्याला एक लाखाचा तोटा सोसावा लागेल.

हा निर्यातदार बँकेकडे जातो. बँक त्याच्याशी वायदा करार करते : तीन महिन्यांनी एक लाख डॉलर ८० रुपये ५० पैसे या भावाने विकत घेण्याचे ती मान्य करते. निर्यातदाराचे उत्पन्न आता निश्चित झाले. डॉलर ८५ रुपयांवर चढला तर वाढीव लाभ त्याला मिळणार नाही, हे खरे; परंतु त्याने निश्चिततेसाठी ती शक्यता सोडून दिलेली असते.

निर्यातदाराची जोखीम मात्र नाहीशी झालेली नाही. ती बँकेकडे आली आहे. म्हणून बँक लगेच दुसऱ्या बँकेशी उलट करार करते आणि तेच एक लाख डॉलर, त्याच मुदतीने, समजा ८० रुपये ५५ पैशांनी विकून ठेवते. दोन भावांतील फरक पाच पैशांचा, म्हणजे पाच हजार रुपयांचा. ही बँकेची कमाई होय. डॉलर चढो वा उतरो, बँकेला त्याची चिंता उरत नाही. एक चिंता मात्र उरते : निर्यातदाराने ठरल्याप्रमाणे डॉलर आणून दिले नाहीत, तर दुसऱ्या बँकेला दिलेला शब्द पाळण्यासाठी बँकेला ते बाजारातून मिळेल त्या भावाने घ्यावे लागतील.

व्याजदराची अदलाबदल

१९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेने ठरविलेली स्थिर विनिमयदरांची व्यवस्था १९७१ च्या ऑगस्टनंतर मोडकळीस आली. अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले, चलनांचे भाव अस्थिर झाले आणि त्यांच्यामागोमाग व्याजदरही. १९७२ मध्ये शिकागो येथे चलनांचे प्रमाणित वायदे सुरू झाले. १९८१ मध्ये जागतिक बँक आणि आयबीएम कंपनी यांच्यात झालेला अदलाबदलीचा करार हा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. अशा कराराला ‘स्वॅप’ म्हणतात. भारतात रिझर्व्ह बँकेने १९९९ च्या जुलैमध्ये व्याजदरांच्या स्वॅपना परवानगी दिली, २००३ मध्ये रुपया आणि परकीय चलन यांच्या विकल्प करारांना मान्यता मिळाली आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये चलनांचे प्रमाणित वायदे शेअर बाजारात सुरू झाले.

स्वॅपची गरज बँकेला स्वतःसाठीच भासते. एखाद्या बँकेने कारखान्याला पाच वर्षांसाठी १०० कोटी रुपये ९ टक्के स्थिर व्याजाने दिले आहेत. हे पैसे मात्र तिने अल्पमुदतीच्या ठेवींतून उभे केले आहेत. उद्या ठेवींवरील व्याज वाढले, तर बँकेचा खर्च वाढेल आणि उत्पन्न तेवढेच राहील. म्हणून ती दुसऱ्या बँकेशी असा करार करते : “१०० कोटींवर आम्ही तुम्हाला दरसाल साडेसहा टक्के देऊ, तुम्ही आम्हाला बाजारात जो बदलता दर असेल, तो द्या.”

येथे १०० कोटींची देवघेव कधीच होत नाही. ती रक्कम केवळ व्याजाच्या आकारणीपुरती मानलेली असते. म्हणून तिला ‘मानीव मुद्दल’ म्हणतात. देवघेव होते ती फरकाची. एखाद्या सहामाहीत बदलता दर सरासरी सात टक्के राहिला, तर अर्धा टक्का फरकाचे सहा महिन्यांचे २५ लाख रुपये बँकेला मिळतात; तो सहा टक्के राहिला, तर तेवढेच तिला द्यावे लागतात. पहिल्या स्थितीत ठेवींवरील वाढीव खर्च स्वॅपमधून भरून निघतो. दुसऱ्या स्थितीत ठेवींवर वाचलेले व्याज स्वॅपमध्ये जाते. दोन्ही स्थितींत बँकेचा नफा सुमारे स्थिर राहतो.

नोंद कशाची करावयाची?

जमाखर्चाची परंपरागत रीत अशी की, पैसा किंवा वस्तू हातबदल झाली की नोंद होते. स्वॅप करताना तर प्रारंभी एक पैसाही हातबदल होत नाही. करार बाजारभावाने झालेला असल्यामुळे त्या दिवशी त्याचे मूल्य शून्य असते. मग वहीत लिहावे काय? जुन्या काळी याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे होते. अशा करारांचा उल्लेख ताळेबंदाखाली, संभाव्य दायित्वांच्या परिशिष्टात होत असे. तो आजही होतो; परंतु तेथे दिसते ते मानीव मुद्दल. शंभर कोटींच्या त्या आकड्यावरून बँकेला किती लाभ अथवा हानी होणार, याचा काहीच बोध होत नाही.

याचे कारण असे की, कराराचे मूल्य दररोज बदलते. वरील स्वॅपला एक वर्ष पूर्ण झाले आणि दरम्यान उरलेल्या चार वर्षांच्या नव्या स्वॅपचा दर साडेसात टक्के झाला, असे समजा. नव्याने करार करणाऱ्याला आता साडेसात टक्के द्यावे लागतात. आपली बँक साडेसहाच देते. म्हणजे तिला दरसाल एक टक्क्याचा, एक कोटी रुपयांचा लाभ पुढील चार वर्षे होत राहील. भविष्यातील या चार कोटींचे साडेसात टक्के दराने आजचे मूल्य काढले, तर ते सुमारे ३ कोटी ३५ लाख रुपये भरते. हे त्या कराराचे ‘रास्त मूल्य’. दर चढण्याऐवजी उतरले असते, तर असाच आकडा बँकेच्या देण्याच्या बाजूला आला असता.

आधुनिक लेखांकनाचा आग्रह असा की, हे मूल्य ताळेबंदातच दिसले पाहिजे : लाभाचे असेल तर इतर मालमत्तेत, हानीचे असेल तर इतर दायित्वांत. १९९९ च्या भारतीय नियमांनुसार नफ्याच्या हेतूने केलेल्या स्वॅपचे मूल्य बाजारभावाने मांडावे लागे. जोखमीपासून बचावासाठी केलेल्या स्वॅपचे केवळ व्याज, जसजसे देय होईल तसतसे, दाखविले तरी बहुधा चालत असे. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आदेशांनी रास्त मूल्याचे तत्त्व अधिक काटेकोर केले.

यातून एक नवी अडचण उद्भवते. स्वॅपचे ३ कोटी ३५ लाख नफ्यात दाखविले. पण ज्या कर्जाच्या बचावासाठी स्वॅप केला, ते कर्ज वहीत १०० कोटीच राहिले. वस्तुतः दर वाढल्यामुळे त्या स्थिर व्याजाच्या कर्जाचे मूल्य जवळजवळ तेवढेच घटले आहे. एक बाजू दाखविली आणि दुसरी झाकली, तर जो नफा झालेलाच नाही, तो पत्रकात अवतरेल. यावर उपाय म्हणून ‘संरक्षण-लेखांकना’ची पद्धत आहे. तीनुसार कर्जाच्या मूल्यातील तेवढी घटही त्याच पत्रकात नोंदवितात आणि दोन्ही आकडे परस्परांना छेदतात. या सवलतीला अट मात्र आहे : कोणता करार कोणत्या कर्जासाठी केला, हे प्रारंभीच लेखी नमूद केलेले असले पाहिजे. तोटा दिसू लागल्यावर “हा तर बचावासाठीच केला होता” असे म्हणण्याची मुभा नाही.

ज्या करारांना बाजारात भाव नसतो, त्यांचे मूल्य गणिती अंदाजाने काढावे लागते. असा अंदाज बँकेला सोयीचा होण्याचा संभव असतो. म्हणून मुख्यतः अंदाजांवर आधारलेल्या अशा मूल्यांतील, हाती न आलेला निव्वळ नफा लाभांश म्हणून वाटण्यास २०२३ च्या आदेशांनी मनाई केली आणि तो भांडवलातून वजा करण्यास सांगितले. तसेच, ग्राहकाकडून अशा करारापोटी येणे झालेली रक्कम ९० दिवस थकली, तर ती थकीत कर्जाप्रमाणेच अनुत्पादक मालमत्ता ठरते.

दोन धडे

लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या सिंगापूर येथील कचेरीत निक लीसन हा अधिकारी जपानी समभाग-निर्देशांकाचे वायदे करीत असे. व्यवहार करणे आणि त्यांचा हिशोब पाहणे, ही दोन्ही कामे त्याच्याच हाती होती. होणारा तोटा तो ८८८८८ या क्रमांकाच्या खात्यात दडवीत गेला आणि लंडनला नफ्याचे आकडे कळवीत राहिला. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे येथे भूकंप झाला, जपानचा बाजार कोसळला आणि तोटा आवाक्याबाहेर गेला. तो सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंड, म्हणजे बँकेच्या भांडवलाहून अधिक होता. फेब्रुवारीअखेर बँक बुडाली आणि एका डच संस्थेने ती नाममात्र एका पौंडाला घेतली. व्यवहार करणारा आणि त्याची नोंद तपासणारा हे दोघे भिन्न असावेत, हा साधा नियम पाळला गेला असता, तर हा अनर्थ आरंभीच उघडकीस आला असता.

दुसरा धडा आपल्याच देशातील आहे. २००७ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपासून ४० च्या खाली उतरला. धास्तावलेल्या अनेक निर्यातदारांनी बँकांशी गुंतागुंतीचे विकल्प करार केले. त्यांपैकी कित्येक येन व स्विस फ्रँक यांच्याशी निगडित होते, जरी त्या उद्योजकांचा त्या चलनांशी काहीच संबंध नव्हता. २००८ मध्ये वारे फिरले आणि त्यांच्यावर प्रचंड देणी येऊन पडली. प्रकरणे न्यायालयांत गेली. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. हे करारही तसेच आहेत, असा एका साखर कंपनीचा युक्तिवाद होता. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तो अमान्य केला. दुसऱ्या बाजूस, ग्राहकाला करार झेपेल काय आणि उमगेल काय, हे पाहण्याचे २००७ च्या एप्रिलमध्ये घालून दिलेले बंधन महत्त्वाचे ठरले. व्युत्पन्न करारांविषयीच्या सूचनांचे उल्लंघन केल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये १९ बँकांना दंड केला.

या दोन्ही प्रसंगांवरून असे दिसते की, व्युत्पन्न करार स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. मुरादाबादच्या निर्यातदाराला जो करार आधार देतो, तोच करार, मागे कोणताही माल वा येणे नसताना केला, तर सट्टा ठरतो. दोहोंतील भेद कराराच्या कागदावर दिसत नाही. तो हिशोबात दिसतो. म्हणून बँकेचा वार्षिक अहवाल हाती आल्यास जिज्ञासू वाचकाने नफ्याच्या आकड्याशीच थांबू नये. अहवालाच्या शेवटी जोडलेल्या टिपांत मानीव मुद्दल किती, त्यांपैकी बचावासाठी किती आणि व्यापारासाठी किती, तसेच व्याजदर एक टक्क्याने बदलल्यास किती फरक पडेल, हे दिलेले असते. ठेवीदारांचा पैसा कोणत्या जोखमीत गुंतला आहे, याचा अदमास सामान्य वाचकालाही त्या चार ओळींवरून येऊ शकतो.