घडीच्या दारांची काच : वऱ्हाडातील सार्वजनिक इमारतींसाठी काही पथ्ये

शाळेचे सभागृह, ग्रामपंचायतीचे कार्यालय, वाचनालय किंवा समाजमंदिर यांना घडीचे काचेचे दार बसविण्याकडे अलीकडे कल वाढलेला आहे. दार मिटले की खोली वेगळी होते, उघडले की व्हरांडा व खोली एक होऊन मोठी सभा भरविता येते, आणि काचेमुळे दिवसा दिव्याची गरज कमी पडते. हे फायदे निर्विवाद आहेत. परंतु वऱ्हाडचे हवामान अशा दारांची कठोर परीक्षा पाहणारे आहे. मे २०२० मध्ये अकोल्याचे तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले होते. हिवाळ्यातील पहाटे तेच १० अंशांच्या आसपास येते. त्यामुळे काच कोणती घेतली याइतकेच ती कशी बसविली यालाही महत्त्व आहे.

काच व चौकट यांचे प्रसरण

उष्णतेने सर्व पदार्थ प्रसरण पावतात, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. तापमान सारखेच वाढले असता ॲल्युमिनियम हे काचेच्या सुमारे अडीचपट वाढते. दाराची झडप २.१ मीटर उंच आहे आणि हिवाळ्यातील पहाट व उन्हात तापलेली चौकट यांच्या तापमानात ५० अंशांचा फरक पडतो असे धरल्यास, ॲल्युमिनियमची उभी पट्टी सुमारे २.४ मिलिमीटरने लांब होते, तर काच एक मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते. म्हणजे दोहोंमध्ये सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पडतो.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शाळांची बहुतेक कामे उन्हाळ्याच्या सुटीत होतात. त्या वेळी धातूची चौकट पूर्ण प्रसरण पावलेली असते. तिच्यात काच घट्ट बसविली तर मे महिन्यात काहीच बिघडत नाही. परंतु डिसेंबरमध्ये चौकट आकुंचन पावते आणि तिच्या कचाट्यात काचेची कड दाबली जाते. काचेचा पृष्ठभाग कणखर असला तरी तिची कड नाजूक असते. बहुतेक तडे कडेपासूनच सुरू होतात. अशा वेळी काच कोणाचाही धक्का न लागता तडकते आणि दोष काचेला दिला जातो. म्हणून उन्हाळ्यात होणाऱ्या कामात काचेभोवती पुरेशी मोकळीक ठेवणे अगत्याचे आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या काचेस सामान्यतः चारही बाजूंनी सुमारे ५ मिलिमीटर जागा सोडतात, म्हणजे काच खाचेच्या आतील मापापेक्षा लांबी-रुंदीत सुमारे १० मिलिमीटरने लहान कापतात. मात्र काचेची कड खाचेत पुरेशी झाकली जाईल हेही पाहावे. चौकटीच्या उत्पादकाने माप दिले असल्यास तेच प्रमाण मानावे.

लाकडाचा स्वभाव वेगळा आहे. मेळघाटचे सागवान उत्तम असले तरी तेही उन्हाळ्यात सुकते व पावसाळ्यात रुंदीच्या दिशेने फुगते. सुक्या दिवसांत घट्ट बसविलेल्या काचेवर पावसाळ्यात दाब येऊ शकतो. लाकडी खाचेत खडूची भुकटी व जवसाचे तेल यांची लांबी भरावयाची असेल तर खाचेला आधी रंगाचा पहिला हात द्यावा. अन्यथा कोरडे लाकूड तेल शोषून घेते आणि लांबी लवकरच भेगाळते. मोठ्या झडपांच्या बाबतीत केवळ लांबीवर विसंबून न राहता लाकडी पट्ट्यांनी काच धरून ठेवावी.

भार कोठे टेकवावा ?

काच वजनाने हलकी नसते. प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो भरते. पाऊण मीटर रुंद व २.१ मीटर उंच अशा झडपेतील ६ मिलिमीटर जाडीची काच सुमारे साडेतेवीस किलोची होते. चार झडपांच्या दारात केवळ काचच नव्वद किलोंहून अधिक असते.

हा भार चौकटीच्या तळावर कोठेही टेकवून चालत नाही. न उघडणाऱ्या खिडकीत काचेखाली दोन्ही टोकांपासून रुंदीच्या एक चतुर्थांश अंतरावर दोन ठोकळे देतात. हलणाऱ्या झडपेचा नियम निराळा आहे. जुन्या फळ्यांच्या दारामागे एक तिरपी पट्टी असते. ती बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे चढते व दाराला खाली झुकू देत नाही. घडीच्या दारात हेच काम काच करते. ज्या उभ्या कडेवर झडपेचा भार जातो, मग ती बिजागरीची असो वा चाकाची, त्या कडेच्या खालच्या कोपऱ्याजवळ एक ठोकळा आणि कर्णरेषेत समोरच्या वरच्या कोपऱ्याजवळ दुसरा ठोकळा द्यावा. यामुळे झडप काटकोनात राहते. ठोकळे उलट कोपऱ्यांत बसविले तर काही महिन्यांतच झडप झुकते, खालची कड जमिनीला घासते आणि दार ओढून उघडावे लागते. हे ठोकळे कठीण रबराचे किंवा प्लास्टिकचे असावेत, काचेच्या जाडीपेक्षा थोडे रुंद असावेत आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे त्यांनी बुजू नयेत. लाकडाच्या ढलप्या किंवा पुठ्ठा वापरू नये. तो पावसात कुजतो अथवा दबतो.

कामाचा क्रम

प्रथम बाहेरील चौकट ओळंब्यात व पातळीत बसवावी आणि तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर काच मुळीच चढवू नये. त्यानंतर रिकाम्या झडपा टांगून त्या नीट मिटतात व उघडतात याची खात्री करावी. मग प्रत्येक झडपेचे माप स्वतंत्र घ्यावे. एका झडपेच्या मापावरून सर्व काचा मागवू नयेत. काच ठोकळ्यांवर ठेवून दार उघडून-मिटून पाहावे आणि नंतरच पट्ट्या ठोकाव्यात. रबरी पट्टी ताणून बसवू नये, कारण ती मागाहून आखडते व कोपऱ्यात फट पडते. चिखलदऱ्यासारख्या पावसाळी ठिकाणी या फटीतूनच पाणी आत येते.

काचेचा प्रकारही सुरक्षिततेशी निगडित आहे. साधी काच फुटली की तिच्या धारदार, लांब कपच्या होतात. म्हणून मुलांचा वावर असलेल्या दारास कडक केलेली किंवा दोन थरांत चिकटपट्टी असलेली सुरक्षा काचच वापरावी. कडक केलेली काच भट्टीत सुमारे ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड करतात. फुटल्यास तिचे लहान, बोथट तुकडे होतात. ती नंतर कापता किंवा भोके पाडता येत नाही, म्हणूनच माप बिनचूक असणे आवश्यक ठरते. भारतीय मानक २५५३ चा पहिला भाग इमारतींच्या सुरक्षा काचेविषयी आहे, तर राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये काच व काचकाम यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अंदाजपत्रकात केवळ 'काच' असे न लिहिता प्रकार, जाडी व मानक यांचा स्पष्ट उल्लेख करावा आणि काम स्वीकारताना काचेच्या कोपऱ्यावरील मानकाची खूण पाहावी.

दार बसल्यानंतरही थोडी दक्षता हवी. साध्या काचेवर उन्हाच्या बाजूस कागदी फलक चिकटविल्यास तेवढाच भाग अधिक तापतो, कड मात्र थंड राहते. हा फरक सुमारे ४० अंशांपर्यंत गेल्यास काच तडकू शकते. पारदर्शक काचेवर लहान मुलांच्या व मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठळक पट्टे मात्र अवश्य काढावेत, म्हणजे उघडे दार समजून कोणी काचेवर धडकणार नाही.

या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते ती चौरस मीटरमध्ये. खाचेतील मोकळीक व ठोकळ्यांची जागा तीत दिसत नाही. पट्ट्या ठोकल्यावर तर ती कोणालाच दिसत नाही. म्हणून शाखा अभियंता, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य किंवा सरपंच यांपैकी एकाने तरी पट्ट्या ठोकण्यापूर्वी प्रत्येक झडप पाहून घ्यावी. चार झडपा पाहण्यास लागणारी काही मिनिटे दाराचे आयुष्य वाढवतील आणि त्या दाराजवळ वावरणाऱ्या मुलांना सुरक्षित ठेवतील.