ब्लेडविरहित लेसर नेत्रशस्त्रक्रिया : वैद्यांनी काय जाणावे?

काही काळापूर्वी आमच्या चिकित्सालयात एक तरुण नेत्रतर्पणासाठी आला. चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी आठच दिवसांपूर्वी त्याने लेसर शस्त्रक्रिया करून घेतली होती. डोळे कोरडे पडू लागल्याने घरच्यांनी मधयुक्त नेत्रबिंदू आणून दिले होते. "ब्लेड वापरलेच नाही, मग जखम कसली?" असा त्याचा प्रश्न होता. आम्ही तर्पण नाकारले, ते बिंदू थांबविले आणि त्याच दिवशी त्यास त्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. ही समजूत सार्वत्रिक असल्याने प्रस्तुत विषयाचा थोडक्यात परामर्श घेत आहोत.

तंत्राचे स्वरूप

लॅसिक शस्त्रक्रियेत १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरने पारपटलाची वक्रता बदलली जाते. तत्पूर्वी पारपटलाचा पातळ पापुद्रा, म्हणजेच फ्लॅप, उचलावा लागतो. पूर्वी हे काम यांत्रिक पात्याने होत असे. ब्लेडविरहित पद्धतीत ते फेम्टोसेकंद लेसर करतो. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केल्यास त्यातील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. या लेसरच्या अत्यल्पकालीन स्पंदांनी ऊतीत सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन थर विलग होतो. पारपटलाची मध्यभागी जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक, तर फ्लॅप साधारणतः १०० ते १२० मायक्रॉनचा असतो. 'स्माइल' पद्धतीत फ्लॅप नसतो. लहानशा छेदातून ऊतीची चकती काढून घेतात.

तात्पर्य, शस्त्र बदलले तरी छेद टळलेला नाही. पारपटलातील संज्ञावाही तंतू छेदले गेल्याने कोरडेपणा काही महिने राहू शकतो. फ्लॅप तर आघाताने वर्षांनंतरही सरकू शकतो.

व्यवहारात घ्यावयाची दक्षता

१. नेत्ररुग्णास लेसर शस्त्रक्रिया झाली आहे काय व केव्हा, हे प्रथम विचारावे.

२. नेत्रतज्ज्ञांच्या अनुमतीवाचून तर्पण, सेक, आश्च्योतन, अंजन करू नये. काजळ, गुलाबजल व डोळे चोळणेही वर्ज्य सांगावे.

३. स्टेरॉइडयुक्त बिंदू रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत वा लांबवू नयेत. दीर्घ वापराने नेत्रदाब वाढू शकतो.

४. वेदना, लाली किंवा अकस्मात अंधुकता आल्यास विलंब न करता नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

५. औषधालय चालकांनी कोणतेही नेत्रबिंदू देण्यापूर्वी वरील पहिला प्रश्न अवश्य विचारावा.

६. शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवण्यास सांगावे. पुढे नेत्रदाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो, तसेच मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचे गणितही चुकू शकते.

ज्यांनी अद्याप शस्त्रक्रिया केलेली नाही, त्यांना चष्म्याचा नंबर स्थिर आहे काय हे विचारावे. गर्भिणी व स्तन्यदा स्त्रियांनी थांबणे उचित. पारपटल शंकूसारखे होण्याच्या विकारात ही शस्त्रक्रिया निषिद्ध होय. चाळिशीचा वाचनाचा चष्मा हिने टळत नाही, हेही आधीच सांगावे.

लिंगनाशाच्या शस्त्रकर्मानंतर शिंक, खोकला, ढेकर यांचाही संयम सुश्रुताचार्यांनी सांगितला आहे. पश्चात्कर्माचे महत्त्व ज्या परंपरेने इतक्या सूक्ष्मतेने ओळखले, तिच्या अनुयायांनी लेसरचा छेद डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे मानू नये.