ट्रॅक्टर-ट्रॉली : खर्च, विमा व रस्त्यावरील दक्षता

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर शेत सोडून रस्त्यावर येतो. शेतातील यंत्र म्हणून त्याची निगा कशी राखावी, हे आपल्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. परंतु वाहन म्हणून त्याचा हिशेब व शिस्त यांकडे अद्याप पुरेसे लक्ष दिले जात नाही.

खर्चाचा हिशेब : पुष्कळजण डिझेल व चालकाची मजुरी एवढाच खर्च धरतात. समजा, ट्रॅक्टर ८,००,००० रुपयांस घेतला व १० वर्षांनी २,००,००० रुपयांस विकला. त्याचा घसारा वर्षास ६०,००० रुपये झाला. वर्षात ६०० तास काम मिळाले तर तो ताशी १०० रुपये पडतो. ३०० तासच मिळाले तर २०० रुपये. यात कर्जावरील व्याज, दुरुस्ती, टायर व विम्याचा हप्ता मिळवावा व मगच भाडे ठरवावे. हिशेबावाचून भाडे ठरविले म्हणजे तोटा येतो, आणि मग विमा व दिवे यांवरच प्रथम काटकसर होते. ही काटकसर सर्वांत महाग होय.

विमा : १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्यातून दुसऱ्याच्या हानीची भरपाई होते. आपल्या ट्रॅक्टरची होत नाही. त्याकरिता सर्वसमावेशक विमा घ्यावा. विमापत्रात ट्रॉलीची नोंद आहे किंवा नाही, हे वाचून पाहावे. शेतीकामापुरता विमा उतरवून भाड्याने माल वाहिल्यास, अथवा चालकाजवळ वैध परवाना नसल्यास, भरपाईचा बोजा मालकावर पडू शकतो व त्यात जमीन विकण्याची पाळी येते. ट्रॉलीत बसविलेल्या मजुरांना किंवा वऱ्हाडास या विम्याचे संरक्षण बहुधा नसते. म्हणून ट्रॉलीतून माणसे नेऊच नयेत. मालक स्वतः चालक असल्यास १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा उतरवावा.

रस्त्यावर पाळावयाचे नियम :

१. शेतात वळण्यासाठी ब्रेकचे दोन पायटे सुटे ठेवतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ते खिळीने एकत्र जोडावेत. अन्यथा एकाच चाकास ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो.

२. ट्रॉलीच्या मागे तांबडे व दोन्ही बाजूंस पिवळे परावर्तक लावावेत. ते उसाच्या वाढ्यांनी अथवा चिखलाने झाकू देऊ नयेत.

३. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. चढताना ज्या गिअरची गरज पडते, त्याच गिअरमध्ये उतरावे.

४. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. भरलेली ट्रॉली सावकाशच न्यावी.

५. बिघाड झाल्यास ट्रॉली रस्त्याच्या कडेस घेऊन मागे बऱ्याच अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा. चाकाखाली लावलेले दगड निघताना अवश्य उचलावेत.

६. मडगार्डवर कोणासही, विशेषतः मुलांना, बसवू नये.

७. अपघात घडल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून गावातील सर्व ट्रॅक्टर एकत्र आणवावेत. परवाना, विम्याची मुदत, दिवे, ब्रेक व परावर्तक मालकांसमक्ष तपासावेत. परावर्तकाचा खर्च अल्प आहे. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव मात्र पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतो, आणि तो दुचाकीस्वार बहुधा आपल्याच शिवारातील असतो.