डबा बंद होण्याआधी बघून घ्या

"शटर त्यांच्याच घरच्यांनी आपटून आपटून तोडलं," असं आमच्या शटरवाल्याने अख्ख्या ओळीत सांगून ठेवलं आहे. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. माझं मन मोकळं होईल, आणि घराखाली गाडीसाठी शटर बसवायच्या विचारात जे असतील त्यांच्या पदरात चार गोष्टी पडतील.

आमच्या इतवारीतल्या गल्लीत गेटचे पल्ले उघडायला जागा कुठे? बाहेर उघडले तर हातगाडीला लागतात, आत उघडले तर गाडी मावत नाही. तेव्हा शटरला पर्याय नव्हताच. दोन गाळ्यांमधली भिंत काढल्यावर बारा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असा दरवाजा झाला. चार ठिकाणी भाव काढला. सगळ्यात स्वस्तवाल्याला काम दिलेलं नाही, हेही इथेच सांगून टाकते, कारण "स्वस्ताच्या मागे लागलात ना?" हे ऐकून कान किटले आहेत.

ज्याला दिलं तो माणूस बोलायला गोड. मी विचारलं, पट्टी किती गेजची? तो आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, अठरा गेज जी, एकदम हेवी." स्प्रिंग कुठली टाकणार? "साहेब, ते आमच्यावर सोडा ना, नवा माल टाकतो, काही टेन्शन नाही." पैसे माझ्या खात्यातून जाणार, प्रश्न मी विचारतेय, आणि उत्तरं साहेबांना. साहेबही मान डोलावत उभे. हिशेबाच्या वेळी मात्र त्याला मी बरोबर दिसले: "काकू, पक्कं बिल पाहिजे असंन तर अठरा टक्के वर लागते. कच्च्यात करून टाकू ना." मी पक्क्याचा आग्रह धरला, तो "उद्या आणून देतो" म्हणाला. तो उद्या अजून उगवायचा आहे. हातात आली ती एक चिठ्ठी: शटर, एक नग, रक्कम. गेज नाही, माप नाही, तारीखसुद्धा नाही.

वर्षही झालं नव्हतं. मारबतीच्या दिवशी सकाळी ह्यांनी शटर वर ढकललं, शटर गुंडाळलं जातं त्या वरच्या डब्यात धाडकन आवाज झाला आणि शटर वीतभर उचलून तिथेच बसलं. आमचा जिना खाली पार्किंगमध्येच उतरतो. दुसरं दार नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, आणि अख्खं घर आत कोंडलेलं. फोन केला. "दहा मिनिटांत पोचतो." तासाभराने पुन्हा केला, तर म्हणे, "काकू, आज मारबत आहे, रस्ते बंद आहेत, उद्या पाहू." काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक त्या दिवशी ह्याच भागातून निघते, हे काय त्याला सकाळी फोन उचलताना माहीत नव्हतं? शेवटी शेजारच्या मुलांनी बाहेरून हात लावून शटर कमरेइतकं उचललं, खाली बल्ल्या लावल्या, आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई वाकून बाहेर आल्या. ते दृश्य मी त्याला माफ करणार नाही.

दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. मग लोहाओळीतून एका वयस्क मिस्त्रींना आणलं. त्यांनी डबा उघडला, तुटलेली स्प्रिंग काढली आणि माझ्या हातात ठेवली. हो, माझ्या. वरून झकास चंदेरी रंग. तुटलेल्या टोकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे पाहा काकू." गोल तारेच्या त्या तोंडावर बराचसा भाग तपकिरी, गंजलेला, आणि एका कडेला नखाच्या कोरीएवढी ताजी चकाकी. "चमकते ना, तेवढीच काल तुटली. बाकीची फट आधीचीच. जुना माल आहे, रंग मारून टाकला." मी रंग नखाने खरवडला, तर खाली गंजाचे खड्डे. म्हणजे शटरवाला "नवा माल" सांगत होता तेव्हा तोंडावर खोटं बोलत होता. शंका वगैरे काही राहिलीच नाही.

मग त्यांनी पट्टीला मापक लावलं. ०.७ मिलिमीटर. गेजमध्ये आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे आधी डोक्यात पक्कं बसवून घ्या: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मि.मी., २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. पैसे अठराचे, माल बावीसचा. वरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट तर त्यांनी हातानेच ओढून काढला, मागून चुना भुरभुरला. जुन्या चुन्याच्या भिंतीत दोन इंचाचा बोल्ट ठोकून पठ्ठ्या मोकळा झाला होता.

चार दिवसांनी शटरवाल्याची स्वारी उगवली. "ग्यारंटी शटरची होती, स्प्रिंगची नाही." आणि वर, "लेकरं लटकली असतील." आमच्या घरातलं सगळ्यात धाकटं माणूस छप्पन्न वर्षांचं आहे, आणि ते मी आहे.

आता कामाचं.

माझे भाऊ सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्याकडून कळलं ते असं. शटरसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६२४८. सरकारी कामात हाताने ढकलायचं स्प्रिंगचं शटर साधारण १० चौरस मीटरपर्यंतच धरतात, म्हणजे १०७ चौरस फूट. त्याच्या वर गेलं की साखळी नाहीतर हँडलचं गिअर लावतात. रुंदी साडेतीन मीटरच्या पुढे गेली की पट्टी १.२ मि.मी.ची लागते. आमचं शटर ११४ चौरस फूट आणि रुंदी साडेतीन मीटरच्या वर. म्हणजे दोन्ही हिशेबांत हे शटर असं बसवायलाच नको होतं, आणि रोज हेच काम करणाऱ्याने ते सांगायला हवं होतं. तुमच्या दरवाजाचं माप घ्या, गुणाकार करा आणि मगच दुकानात जा.

माप कसं धरणार ते आधी लिहून घ्या. शटरवाले उंचीत वर गुंडाळायची पट्टी धरतात, रुंदीत दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये जाणारा भाग धरतात. त्यात गैर काही नाही, पण किती धरणार ते आधी ठरवा, नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतात. वर डब्यासाठी फूट-सव्वा फूट जागा जाते, तेवढी गाडीला मिळणाऱ्या उंचीतून वजा करा.

स्प्रिंग शटर बंद असताना सगळ्यात जास्त ताणलेली असते. म्हणजे ती बहुधा तुम्ही आत असतानाच दगा देणार. म्हणून जिना शटरच्या आत उतरत असेल तर शटरमध्ये किंवा बाजूच्या भिंतीत माणूस जाईल एवढं छोटं दार केल्याशिवाय काम सुरूच करू नका. आग लागली तर काय, हा विचार मी आता रोज करते. आम्ही दार आता काढलं, भिंत फोडून, दुप्पट खर्चात. आणि ताणलेल्या स्प्रिंगला घरच्या कोणीही पाना लावायचा नाही. सुटली तर हात जातो.

जुन्या विटा-चुन्याच्या भिंतीत नुसते बोल्ट धरत नाहीत. ब्रॅकेट बीमला किंवा काँक्रीटच्या लिंटेलला धरायला सांगा. ते नसेल तर बोल्ट भिंतीच्या आरपार आणि पलीकडून लोखंडी प्लेट.

मोटर लावणार असाल तर ती शटरच्या वजनाला पुरून उरेल अशी घ्या. सपाट १.२ मि.मी. पत्राच चौरस मीटरला साडेनऊ किलो भरतो. दुमडलेली पट्टी त्याहून जड, त्यात खालचा अँगल वेगळा. वीज गेल्यावर ओढायची साखळी हवीच, आणि ती आतून हाताला यायला हवी. डबा बाहेरच्या बाजूला असेल तर पावसाचं पाणी मोटरवर जाणार नाही हे बघा. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्या गॅरेजच्या दाराशी जमिनीपासून वीतभरावर दोन बारीक डोळे आहेत. मध्ये मांजर आलं तरी दार परत वर जातं. दाराखाली सापडून मुलं दगावल्यावर अमेरिकेत १९९३ पासून घरच्या गॅरेजच्या यंत्रांना अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे तोच सेन्सर "पाहिजे असंन तर लावून देऊ" म्हणून शेवटी विचारतात. लावून घ्या.

बाकी नेहमीचं आहेच: दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं विचारा, गाइड साफ ठेवा, वर्षातून एकदा तपासून घ्या.

कागदाचं मात्र हलक्यात घेऊ नका. पक्क्या बिलावर गेज, मिलिमीटर, माप, स्प्रिंग नवी असल्याचा उल्लेख आणि कोणत्या भागाची किती गॅरंटी, हे सगळं हवं. अठरा टक्के वाचवायला गेलात की हातातलं हत्यार गेलं. तरी कच्च्या चिठ्ठीवालेही हातावर हात धरून बसू नका. मोबाइलवरून दिलेले पैसे, पाठवलेले मेसेज, तुटलेल्या मालाचे फोटो, दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी मत, हा पुरावाच असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ वर फोन करून आधी सल्लाही मिळतो. ती स्प्रिंग मी जपून ठेवली आहे, तुटलेल्या तोंडासकट.

शेवटचे पैसे डबा बंद होण्याआधी द्यायचे नाहीत. शिडी लावून स्वतः वर बघा, स्प्रिंगवरचा रंग खरवडून बघा, पट्टीला मापक लावून घ्या, फोटो काढा. कारागीर चिडला तर चिडू द्या. खरा माल टाकणारा चिडत नाही, लोहाओळीतले मिस्त्री तर स्वतःच शिडी धरून उभे राहिले.

आणि बायांनो, प्रश्न तुम्ही विचारताय आणि उत्तर नवऱ्याला मिळतंय, असं झालं की तिथूनच उठा. इतवारीत शटरवाल्यांचा तोटा नाही.