ग्लायडर हातातून सुटताच का पडतो?

प्रश्न : मी रिमोटवर चालणारा, बिनइंजिनाचा दीड मीटर पंखांचा ग्लायडर घेतला आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर जोर लावून वर फेकतो, पण क्षणात नाकावर आपटतो. माझा जोर कमी पडतो का? आमच्याकडे डोंगर नाही, मग तो उडणारच नाही का?
– एक वाचक, वटार

उत्तर : जोर पुरेसा आहे, दिशा चुकते आहे. वर फेकल्याने वेग संपतो, पंखांची उचल जाते आणि नाक खाली कोसळतं. वाऱ्याकडे तोंड करा, पंख सपाट ठेवा आणि भाल्यासारखा सरळ समोर सोडा.

त्याआधी तोल पाहा. आराखड्यात दाखवलेल्या खुणेवर पंखांखाली दोन बोटं धरा. शेपूट झुकली तर नाकात वजन वाढवा.

डोंगर नसला तरी चालेल. ऊन चढलं की मोकळ्या खाचरांवरून गरम हवा वर उठते. घारी पंख न हलवता घिरट्या घालतात, तिथे ती हमखास असते. हात बसला की उंचीसाठी रबरी दोर वापरा. सुरुवात मात्र मंद वाऱ्यात, गवतावर करा. वाळू आणि खारी हवा सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटारी) बिघडवतात.

ग्लायडर तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटतं. अशा वेळी जो पंख खाली झुकेल, त्या बाजूला स्टिक न्या.

माणसं, विजेच्या तारा आणि पतंगांचा मांजा यांपासून लांब राहा. तिथे उडवायला मनाई नाही ना, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तपासा. पहिल्या आठवड्यात पडझड होणारच. धीर सोडू नका.