मंडळीबाहेरचा एकांत

(अभ्यासपाठ : १ राजे १९:१–२१, योहान ९:३४–३८)



वसई तालुक्यातील सांडोर येथे संत तोमाचे देऊळ आहे. अशा गावी देवळाची घंटा केवळ उपासनेची वेळ सांगत नाही. सण, लग्न आणि मृत्यू ह्यांचीही वार्ता तीच देते. तेथील मंडळी रोमन कॅथलिक, आमच्या मंडळ्या प्रॉटेस्टंट. तथापि एका गोष्टीत भेद नाही. जो मंडळी सोडतो, त्याची रविवारची उपासना तेवढीच सुटत नाही. पंगतीतली जागा, गाण्यातला सूर आणि दुखण्याखुपण्यात दार ठोठावणारा शेजारीही सुटतो. कोणी विवेकासाठी जातो, कोणी विवाहामुळे, कोणी तंट्यामुळे. कोणाचा विश्वासच मावळतो. ह्या कारणांचा निवाडा आज आम्ही करीत नाही. त्याच्या एकांताचे काय, एवढेच पाहू.

एलीयाने बैर-शेबा येथे आपल्या चाकरास मागे ठेविले आणि तो एकटाच रानात गेला. झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्यास प्रथम उपदेश केला नाही. झोप, भाकर आणि पाणी दिले. पुढे होरेबावर ‘मी एकटाच उरलो’ अशा अर्थाचे गाऱ्हाणे त्याने केले, तेव्हा देवाने तीन गोष्टी दिल्या : करावयाचे काम, सोबतीस अलीशा, आणि सात हजार अजून शिल्लक आहेत ही खबर. एकाकी मनुष्याचे दुःख खरे असते. त्याचा हिशेब मात्र बहुधा चुकलेला असतो.

आपल्याच महाराष्ट्रातील दाखला घ्या. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयास राहिल्या. एकाने समाज सोडला आणि एकांत दोघांच्याही वाट्यास आला. लक्ष्मीबाईंनी स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली. परंतु ते एकटे बसून राहिले नाहीत. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारिला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. १९१९ मध्ये ते वारले. दरबारास त्यांचा सहवास फार दिवस लाभला नाही. तथापि बोध स्पष्ट आहे : जुने घर सुटले, तरी सोबत शोधावी लागते; ती आपोआप येत नाही.

म्हणून जो बाहेर पडला आहे, त्यास आम्ही सांगतो : जेवण व झोप सोडू नका. रविवारची सकाळ रिकामी ठेवू नका. ती सर्वांत जड जाते. जुन्या मंडळीतील ज्या एकदोघांशी वैर नाही, त्यांच्याकडे स्वतः जा. नवी ओळख कामातून जोडा : भजनात, वाचनालयात, आजाऱ्याच्या सेवेत. मन फारच खचले, जगणे नकोसे झाले, तर ते लपवू नका. त्याच दिवशी आपल्या माणसास सांगा आणि वैद्याकडे जा. त्यात लाज नाही.

आणि आम्ही, जे आत आहोत? सभास्थानातून घालविलेल्या मनुष्यास येशूने शोधून काढिले. तो परत येईपर्यंत वाट पाहिली नाही. आपण मात्र पुष्कळदा त्याचे नाव घेणेच टाकितो आणि त्यास शिस्त म्हणतो. भेटीस जावे, परंतु ती भेट गळाला लावलेले आमिष नसावी. तो परत येवो वा न येवो, त्याच्या घरी चहा घ्यावा, त्याच्या मुलांची विचारपूस करावी, त्याच्या घरच्या तिरडीस खांदा द्यावा. शेजारधर्मास सभासदत्वाचा दाखला लागत नाही.

विचारासाठी प्रश्न
१. देवाने एलीयास उपदेशाआधी भाकर का दिली?
२. आपल्या मंडळीतून गेलेल्या कोणाच्या घरी आपण वर्षभरात पाऊल ठेविले नाही?
३. ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?