पेटीवर नाव नाही

आधीच सांगतो, मी न वाचता गेलो नव्हतो. स्टुटगार्टला जायचं ठरल्यापासून निघेपर्यंत दोन महिने मी वाचतच होतो. त्यामुळे "जरा चौकशी करून जायचंस ना" असं आता कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी करार मागितला होता. पुण्यातून, फोनवर, दोनदा. समोरचा माणूस हसून म्हणाला, "अरे, आपल्यात कसला करार? तू ये तर."

हा माणूस म्हणजे दादा. सगळेच त्याला दादा म्हणतात. बाड कानश्टाटमध्ये त्याची तीन खोल्यांची भाड्याची जागा. एकीत तो, एकीत नागपूरचा एक मुलगा, तिसरी मला. महिना ४५० युरो, आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट १,३५० युरो रोख, आल्या दिवशी. पावती मागायची मला लाज वाटली. कारण मी उतरलो तो रविवार, सगळी दुकानं बंद, आणि दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. घरी वरण-भात, वर लिंबाचं लोणचं. त्या ताटापुढे पावतीचा विषय काढणारा मराठी माणूस मला दाखवा.

पहिले आठ दिवस मी खूश होतो. रिकामी बाटली यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात याचंही कौतुक. जिना झाडायची पाळी आली की दाराला केरवोखेची पाटी लटकते, त्याचंही. ही श्वाबेन लोकांची जुनी शिस्त. पाटी आली की त्या आठवड्यात जिना, पायऱ्या, दारापुढचा रस्ता तुमचा. आमच्या घराची पाळी दर वेळी माझ्याच आठवड्यात कशी येते, हे कोडं मला पुढे सुटलं.

नवव्या दिवशी आनमेल्डुंगला गेलो. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म, सगळं फाइलमध्ये क्रमानं. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटे-सुलटे केले, यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "फेल्ट." म्हणजे हे नाही. ती ओळ होती 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. हा माणूस माझ्या घरात राहायला आला आहे, असं घर देणाऱ्यानं सही करून द्यायचा साधा एक पानी कागद. २०१५च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा आहे, आणि तो द्यायला घर देणारा बांधील आहे. हे मला माहीत होतं. फक्त तो आपल्याला मागावा लागेल असं वाटलं नव्हतं, दादा देईलच असं धरून चाललो होतो.

संध्याकाळी विचारलं. दादा कांदा चिरत होता. वर न बघता म्हणाला, "तो कागद नाही जमणार. मालकाला तुम्ही दोघं माहीत नाही आहात."

मी म्हटलं, "मग मी पत्ता कुठला देऊ?"

"बघ ना कुठला तरी. माझ्या वेळी कुणी दिलं होतं मला?"

मला राग त्या वेळी आला नाही. तो खाली आला, टपालपेट्यांपुढे. जर्मनीत पत्त्यावर फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, आडनाव नसेल तर पत्र परत. आमच्या पेटीवर एकच आडनाव, दादाचं. नऊ दिवस त्या पेटीपुढून गेलो होतो, पण कधी थांबून बघितलं नव्हतं. आरोग्यविम्याचं कार्ड का येत नाही, ते तिथे कळलं. कागदाच्या पट्टीवर नाव लिहून मी चिकटवलं. सकाळी ती पट्टी नव्हती. दादा म्हणाला, "असलं काही करू नकोस हं." आवाज अगदी मायेचा.

पुढचं थोडक्यात. नोंदणी नाही म्हणून अकरा आकडी कर-क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून कंपनीनं मला कराच्या सहाव्या वर्गात टाकलं. पहिल्या पगारात पाचशेहून जास्त युरो कमी आले. ते पुढे परत मिळाले, हे खरं. पण बायकोचे कागद माझ्या नोंदणीवर अडकले होते. ती पुण्यात आणि मी इथे, असे ते तीन महिने कुणी परत करत नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनो, भाषा शिका. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. थंडीचे बूट तिथेच घ्या. पण 'गुटेन मॉर्गेन'च्या आधी तो लांबलचक शब्द पाठ करा आणि खोली बघतानाच विचारा, आनमेल्डुंग होईल का? उत्तर ईमेलवर घ्या. "बघू" म्हणजे नाही. माणूस भाड्याच्या जागेत पोटभाडेकरू ठेवत असेल तर मालकाच्या परवानगीचा कागद मागा. पेटीवर आपलं नाव लागेल का, हेही विचारा. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि सोबत 'काउत्सिओन' असं लिहा. कायद्यानं ते तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून (हीटिंग वगैरे खर्च सोडून) जास्त नसतं, आणि तीन हप्त्यांत देता येतं. मी सगळं एकदम दिलं, शहाण्यासारखं. पहिले दोन महिने कंपनीच्या ओळखीनं महागडी खोली मिळाली तरी घ्या. मी शेवटी तेच केलं, तिथे नोंदणी बारा मिनिटांत झाली. बाई हसल्यासुद्धा.

निघताना दादानं ४५० युरो कापले. भिंतीवर हळदीचा डाग, म्हणे. रंग काढायला माणूस बोलवावा लागेल. तो माणूस अजून आलेला नाही, नागपूरचा मुलगा सांगतो.

मंडळाच्या गणपतीत दादा प्रसाद वाटत होता. माझ्या हातावर मोदक ठेवत म्हणाला, "काय रे, विसरलास आम्हाला?" बाजूचे काका म्हणाले, "जाऊ दे, परदेशात आपलीच माणसं आपल्याला." मी मोदक खाल्ला. चांगला होता.

हो, एक राहिलं. टीव्ही-रेडिओचा कर म्हणून दादा आम्हा दोघांकडून महिन्याला १८.३६ युरो घ्यायचा, प्रत्येकी. हा कर माणशी नसतो, घराला एकच असतो. तिघांत वाटला तर माझा हिस्सा ६.१२. म्हणजे तीन महिन्यांचे ३६.७२ युरो अजून त्याच्याकडे आहेत.